तीन वेळा धुतलेला पंप

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पाठीवर घ्यायचा, तांब्याचा, आणि आता बुडाला भोक असलेला. मित्रांनो, तुम्ही हल्ली जे पंप पाहता ते प्लास्टिकचे असतात, निळे नाहीतर पिवळे. फुटले की भंगारात जातात. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही असेल असे मला वाटत नाही. माझ्यापाशी आहे. ते ऐकायला सुखाचे नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म इराणातल्या काशान शहराच्या तांबट बाजारात झाला. उस्ताद यदुल्ला नावाच्या तांबटाने मला एका पत्र्यातून ठोकून काढले, आतून कल्हई केली, चामड्याचा वायसर बसवला आणि दांडा, नळी, तोटी जोडून मला उभे केले. आयुष्यभर हातोड्याचा आवाज ऐकून त्याला कमी ऐकू येई, त्यामुळे तो साधे बोलणेसुद्धा ओरडून बोले. मला न्यायला मश्दी हैबत आला तेव्हा अर्ध्या बाजाराला त्यांचे बोलणे ऐकू गेले.

"गळणार नाही ना?" मश्दीने विचारले.

"काय?"

"गळणार नाही ना, म्हटलं."

उस्तादला ते फार लागले. त्याने मला काठोकाठ पाण्याने भरले, जमिनीवर कोरडी राख पसरली आणि मला त्या राखेवर ठेवले. "बस. चहा घे. तुझा चहा संपेपर्यंत राखेवर एक थेंब दिसला तर पंप फुकट उचलून घेऊन जा."

मश्दी बसला. दातात खडीसाखर धरून त्याने एकेक घोट घेतला, आणि पेला काही संपेना.

"मुद्दाम हळू पितोयस."

"गरम आहे, उस्ताद."

"तुझा चहा मगाशीच गार झालाय. मी बहिरा आहे, आंधळा नाही."

राख कोरडीच राहिली. निघताना उस्तादने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "कधी गळला तर माझ्याकडे आण. मी असेपर्यंत मी दुरुस्त करीन, मी गेलो तर माझा मुलगा करील." मी तेव्हा नवा होतो. माझ्यातून कधी थेंब गळणार नाही, हाच माझा सगळा अभिमान होता.

मश्दी हैबतची बाग कमसर गावाच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी होती. आत गुलाबाच्या ओळी आणि बांधावर अक्रोड, जर्दाळू. आमच्याकडचा गुलाब दिसायला साधा, फिकट रंगाचा. पण त्याचे पाणी काढतात. फुले ऊन चढायच्या आत खुडायची, तांब्याच्या हंड्यात घालून भट्टीवर चढवायची आणि नळीतून येणारी वाफ ओढ्यात बुडवलेल्या सुरईत धरायची. त्या गुलाबपाण्यावर घर चाले. लग्नात तेच लागे, सरबतात तेच लागे, आणि माणूस गेला की त्याची कबरही त्यानेच धुतात.

पण फुलांच्या आधी मावा येतो. तुमच्या कुंडीतल्या गुलाबावरही तुम्ही तो पाहिला असेल. हिरवा, मोहरीहून बारीक, कोवळ्या शेंड्याला आणि कळीच्या देठाला चिकटून रस शोषत बसलेला. आज चार दिसले तर आठवड्याने शेंडा दिसत नाही, नुसता मावाच दिसतो. पाने आत वळतात, चिकट होतात, त्या चिकट्यावर काजळी धरते आणि कळी उमलायच्या आधीच मान टाकते. चिकटा खायला मुंग्या येतात, आणि खायला मिळते म्हणून त्या माव्याची राखणही करतात.

मश्दीकडे यावर एकच औषध होते, साबण. तो धुण्याचा साबण किसून कोमट पाण्यात विरघळवी, कापडातून गाळी आणि मला भरून पहाटेच बागेत शिरे. तोटी उलटी धरून पानांच्या खालच्या अंगाला पाणी मारायचे, शेंडा दोन बोटांत धरून भिजवायचा, आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने झाडे धुऊन काढायची. दोन दिवसांनी पुन्हा तेच. झाडाच्या खोडाला तो चुन्याचा पट्टा ओढी, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. लाल पाठीचे ढालकिडे दिसले की त्या फांदीवर पाणी मारायचे नाही, असा त्याचा नियम होता. ढालकिडे मावा खातात. "हे आपले गडी," तो म्हणे. "मजुरी मागत नाहीत आणि चहाला थांबत नाहीत."

त्याच्या बायकोचे नाव तूबा खानम. ती ओट्यावरून ओरडे, "माणसांच्या कपड्यांना साबण पुरत नाही आणि यांच्या गुलाबांना दिवसाआड आंघोळ."

"गुलाब कटकट करत नाहीत, म्हणून," मश्दी म्हणे.

माझी ती वर्षे चांगली गेली. एवढेच त्यांच्याबद्दल सांगतो, कारण चांगल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखे फार नसते.

मग सरहद्दीवर युद्ध सुरू झाले आणि मश्दीचा मुलगा फरामर्ज तिकडे गेला. एका हिवाळ्यात त्याची खबर येणे बंद झाले. तूबा खानम दिवसभर काम करी आणि मधेच थांबून फाटकाकडे पाही. एके दिवशी ती कोठीत आली. मी खुंटीला टांगलेला होतो. तिने माझ्यावर हात ठेवला आणि नवस बोलली. मुलगा जिवंत परत आला तर दरवर्षी आशुराला, मोहरमच्या दहाव्या दिवशी, मातम करणाऱ्यांच्या डोक्यावर आपल्या बागेचे गुलाबपाणी शिंपडायचे. विकतचे पाणी चालायचे नाही आणि उसना पंपही चालायचा नाही. आमच्याकडे त्या शोकाच्या मिरवणुकीत असे गुलाबपाणी शिंपडतात. उन्हात चालणाऱ्यांना तेवढाच गारवा.

फरामर्ज आला. स्वतःच्या पायांनी फाटकातून आत आला म्हणून सगळे आधी हसले, मग रडले, आणि मग तो खोकायला लागला. सरहद्दीवर त्याच्या खंदकात विषारी वायू शिरला होता. त्याची छाती आतून जळली होती. डॉक्टरांनी सांगितले, याला धूर नको, धूळ नको, उग्र वास नको, श्वास जपायचा. तेव्हापासून त्या घरातली माणसे एक कान त्याच्या श्वासाकडे लावूनच जगली. रात्री त्याचा घरघर आवाज थांबला की आई उठून बसे आणि पुन्हा सुरू झाला की आडवी होई.

तेव्हाच मश्दीने ठरवून टाकले की माझ्या पोटात साबणाचे पाणी आणि गुलाबपाणी याशिवाय तिसरे काही जाणार नाही. शेजारीपाजारी तोवर शहरातून माव्यावरची विषे आणू लागले होते. एकदा मारले की महिनाभर बघायला नको, असे ते सांगत. मश्दी ऐकून घेई आणि साबण किसायला बसे.

दर आशुराला तो मला आतून-बाहेरून धुई, गुलाबपाण्याने भरी आणि पाठीवर घेई. फरामर्ज त्याच्या शेजारून चाले, एक हात माझ्यावर ठेवून. काळ्या कपड्यांतली माणसे माझ्यासमोर आली की डोळे मिटून चेहरा वर करत. परतीच्या वाटेवर म्हातारे मश्दीची थट्टा करत. "मश्दी, माझ्यावर आणखी मार. मला मावा लागलाय."

"तुला साबण लागेल," मश्दी म्हणे. "तो घरी आहे."

मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. नवस सुरू झाला तेव्हा तो उन्हाळ्याच्या शेवटी येई, बागेत माझे काम नसताना. सरकत सरकत एका वर्षी तो वसंतात आला, अगदी माव्याच्या दिवसांत. आणि त्याच वर्षी मश्दी अंथरुणाला खिळलेला होता. आदल्या शरदात अक्रोड झोडताना तो फांदीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. खुबा नीट जुळलाच नाही. खिडकीतून बाग दिसेल अशी त्याची गादी टाकली होती, आणि तेच त्याच्या जिवाला जास्त लागत होते.

हिवाळा सौम्य गेला होता, त्यामुळे मावा लवकर आला आणि उदंड आला. फरामर्जने मला पाठीवर घेऊन पाहिले. एक ओळ संपायच्या आत तो बांधावर बसला. तूबा खानम वाडग्यात साबणाचे पाणी घेऊन बोटांनी शेंडे पुसू लागली, पण बाग मोठी होती. मग करामत पुढे आला. हा मश्दीच्या मुलीचा, बद्रीचा, नवरा. काशानला मालाची गाडी चालवायचा. मनाने चांगला, पण घाईचा. त्याने दोनदा साबण मारला, उभ्या उभ्या, वरून.

"खालून मार, खालून," मश्दी खिडकीतून ओरडे. "तो काय तुझी वाट बघत वर बसलाय?"

"बाबा, मला गाडी घेऊन जायचंय."

"मग गाडीला साबण लाव."

मावा हटला नाही. कळ्यांचे देठ काळे पडू लागले. एका संध्याकाळी करामत एक बाटली घेऊन आला आणि सासऱ्याच्या गादीशी बसला.

"बाबा, रागावू नका. हे मारू द्या. एकदाच."

मश्दीने बाटलीकडे पाहिलेही नाही. "माझ्या पंपात नाही."

"मग दुसरा कुठून आणू? सगळं गाव फवारणीला लागलंय, एकाचाही पंप रिकामा नाही."

"नाही म्हटलं ना."

करामतने बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "यंदा फुलं गेली तर पुढच्या आशुराला गुलाबपाणी कुठून आणायचं? गेल्या वर्षीचं आहे ते यंदाच संपेल. नवस तर आपल्या बागेच्या पाण्याचा आहे. बाजारातून आणून शिंपडायचं का?"

मश्दी तूबा खानमकडे पाहू लागला. ती भिंतीला टेकून उभी होती. नवस तिचा होता, मुलाच्या जिवासाठी बोललेला, आणि तो चुकला तर काय होईल याचा विचारही तिला सोसवत नव्हता. हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

"फरामर्जला त्या दिवशी बागेत आणायचं नाही," ती म्हणाली.

"बद्री त्याला काशानला तपासणीला नेईल. बागेतला वास गेला की मगच मी त्याला परत आणीन," करामत म्हणाला.

"आणि पंप?" मश्दीने विचारले.

"मी धुईन ना. वाहत्या पाण्यात, तीनदा."

"मग मार," मश्दी म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे केले.

मित्रांनो, त्या लोकांनी काळजी घेतली नाही असे म्हणू नका. त्यांनी त्यांना सुचली तेवढी सगळी काळजी घेतली.

दुसऱ्या दिवशी करामतने माझे झाकण काढले. बाटलीवर काय लिहिले आहे ते त्याने वाचले, मग माव्याने भरलेल्या शेंड्याकडे पाहिले आणि लिहिल्यापेक्षा बरेच जास्त ओतले. पाणी दुधासारखे पांढरे झाले. त्याचा वास माझ्या कल्हईला बसला, नळीला बसला, चामड्याच्या वायसरमध्ये मुरला. संध्याकाळपर्यंत मावा वाळून खाली पडला. त्याच्याबरोबर ढालकिडेही पडले, पाठीवर उलटे, पाय आखडून. करामत खूश झाला. "बघा बाबा, एक दिवसात," तो खिडकीतून म्हणाला.

करामतला गाडीची घाई होती, म्हणून तूबा खानमच मला ओढ्यावर घेऊन गेली. तिने मला वाहत्या पाण्यात बुडवले, भरले, खळबळून ओतले. पुन्हा भरले, ओतले. तिसऱ्यांदा भरले, ओतले. ओठांतल्या ओठांत ती अल्लाचे नाव घेत होती. नापाक झालेली वस्तू वाहत्या पाण्यातून तीनदा काढली की पाक, म्हणजे शुद्ध, होते, असे तिच्या आईने तिला शिकवले होते. ती रीत रक्तासाठी आहे, घाणीसाठी आहे. तिच्यात काही खोटे नाही. पण विषाचे काय करायचे ते कुणी सांगितले नव्हते. इतकी वर्षे ज्या घरात पोत्याने साबण आला त्या घरात त्या दिवशी मला साबण लावायचे कुणाच्या मनात आले नाही. पाक व्हायला साबण लागत नाही.

"धुतलास?" मश्दीने विचारले.

"तीनदा. वरच्या धारेत."

"मग पाक झाला," तो म्हणाला. दोघांच्याही जिवावरचे ओझे उतरलेले दिसले.

माझ्या वायसरमध्ये तो वास तसाच होता. नळी जिथे वाकते तिथे पांढरे पाणी तसेच साचले होते. मला तोंड असते तर मी बोललो असतो. मला फक्त तोटी आहे, आणि तिच्यातून माणसे भरतील तेच बाहेर पडते.

आशुराच्या सकाळी ऊन स्वच्छ होते. गावचा लाकडी ताबूत उचलणाऱ्यांत करामतचे नाव होते, त्यामुळे मला कोण घेणार हा प्रश्न आला. फरामर्ज काळा सदरा घालून कोठीत आला आणि त्याने मला खुंटीवरून काढले.

"ठेव ते," आई म्हणाली. "बद्री शेजारच्या कुणाला तरी बोलावतेय."

"नवस माझ्या जिवाचा आणि ओझं इतकी वर्षं बाबांच्या पाठीवर. आता दुसऱ्या कुणाच्या कशाला?"

"तुला चढ चालवत नाही, दादा," बद्री म्हणाली.

"हळू चालेन. ताबूत तरी कुठे पळतोय?"

खिडकीतून मश्दी म्हणाला, "जाऊ दे त्याला." आपला मुलगा आपल्या जागी उभा राहतो आहे, हे त्याला पाहायचे होते.

तूबा खानमने मला अर्धेच भरले. गेल्या वर्षीचे गुलाबपाणी होते, चांगले मुरलेले. तिने स्वतः त्याच्या खांद्यावर पट्टे चढवले आणि सदऱ्याची कॉलर नीट केली.

आम्ही निघालो. सुरुवातीला फरामर्जला फार आनंद झाला होता. मला ते त्याच्या पाठीतून कळत होते. तो दांडा मारी, तुषार उडत, माणसे चेहरे वर करत. वारा समोरून होता, त्यामुळे अर्धे तुषार त्याच्याच तोंडावर परत येत. एक बाई शिंकली. दुसरीने डोळे चोळले.

"यंदाचं पाणी उग्र आहे गं."

"मुरलंय. जुनं आहे ना."

पाणचक्कीपाशी रस्ता अरुंद होतो. तिथे भिंतीच्या सावलीत लहान मुले रांगेने उभी होती, आपल्यावर केव्हा पाणी उडेल याची वाट पाहत. फरामर्ज त्यांच्यापासून चार पावलांवर थांबला. त्याचा श्वास मला पाठीतून ऐकू येत होता. तो अडकत होता. त्याने तोटी नाकाजवळ नेली आणि हुंगली. गुलाबाच्या वासाखालचा तो दुसरा वास त्याला कळला असावा. असल्या वासांची त्याला ओळख होती.

"मुलांना मागे घ्या," तो म्हणाला.

कुणाला नीट ऐकू गेले नाही. ढोल वाजत होते. मग त्याने तोटी स्वतःच्या छातीशी घट्ट धरली, म्हणजे एकही थेंब बाहेर उडू नये, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पट्टे सोडले. मला त्याने खाली टाकले नाही. हळूच, सरळ, भिंतीला टेकवून ठेवले. मग तो माझ्या शेजारी बसला.

करामतने ताबूत खांद्यावरून सोडला आणि धावत आला. त्यानेच त्याला आपल्या गाडीतून शहरात नेले. काही दिवस फरामर्ज दवाखान्यात नळ्या लावून पडून होता, असे मी नंतर ऐकले. त्याला परत आणले तेव्हा आईचा कान ज्या आवाजाकडे लागलेला असे तो आवाज घरात नव्हता.

त्या वर्षी गुलाब फुलले. इतके कधीच फुलले नव्हते. एका कळीलाही मावा नव्हता. सगळी बाग फिकट गुलाबी झाली होती आणि वास ओढ्यापलीकडे जात होता. मश्दी खिडकीतून म्हणाला, "एक फूल खुडायचं नाही." भट्टी पेटली नाही. फुले उमलली, सुकली आणि झाडांखाली पडून कुजली. कबर धुवायला गुलाबपाणी शेजाऱ्यांकडून आले.

चाळिसावा दिवस झाल्यावर तूबा खानम कोठीत आली. तिने माझे झाकण उघडले आणि आत तोंड घालून वास घेतला. करामत दारात उभा होता.

"आई," तो म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं ना, जुनंच दुखणं होतं म्हणून. छाती आधीच गेलेली होती."

"हो. डॉक्टरांनी सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. तू जा. गाडीला उशीर होईल."

तो गेला नाही. ती मला उचलून ओढ्यावर घेऊन गेली आणि तो मागे मागे आला. तिने मला धुतले. तीनदा नव्हे, ऊन उतरेपर्यंत. या वेळी साबण होता. शेवटी तिने पुन्हा वास घेतला.

"अजून येतो," ती म्हणाली. करामत ओढ्याच्या पलीकडे पाहत राहिला.

त्यानंतर दर गुरुवारी, कबरीवर जाऊन आली की, ती मला धुई. राखेने घासे, साबणाने घासे, व्हिनेगरने घासे. माझी कल्हई गेली. वायसर केव्हाच तुकडे होऊन निघून गेला. कुणी तिला थांबवले नाही. ती कधी करामतला एक शब्द लावून बोलली नाही, मश्दीलाही नाही. ती फक्त धुई, वास घेई आणि म्हणे, "अजून येतो." मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा माझ्यात वास उरला नव्हता. पण तिला तो येत होता, आणि तो कुठल्याही पाण्याने जाणारा नव्हता.

नवस पुन्हा कुणी फेडला नाही. ज्याच्यासाठी होता तोच राहिला नाही. पुढच्या वसंतात मावा दुपटीने आला, कारण ढालकिडे उरले नव्हते. तूबा खानम वाडगे घेऊन बसे आणि एकेक शेंडा दोन बोटांत धरून पुसत जाई. जेवढी झाडे पुसून होत तेवढी जगली. बाकीची एकेक करून गेली. मश्दी आधी गेला आणि काही वर्षांनी ती गेली. मला बद्रीने पोत्यात गुंडाळून कोठीच्या कोपऱ्यात ठेवले. तिथे मी अंधारात खूप वर्षे पडून होतो. मला त्याचे दुःख नव्हते. ज्याला भरायचे नाही त्याने अंधारातच असावे.

पण बद्री आणि करामतला एक मुलगी आहे, नसरीन. मामा गेला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मामा युद्धातल्या वायूने गेला एवढेच तिला माहीत, आणि ते खोटेही नाही. आता फुलांच्या दिवसांत आमच्याकडे बाहेरचे लोक गाड्या भरून येतात, आणि नसरीनने बागेच्या फाटकाशी गुलाबपाण्याचे दुकान मांडले आहे. या वसंतात कोठी आवरताना मी तिच्या हाती लागलो. तिने मला लिंबाने घासून चकचकीत केले आणि गावातल्या जुन्या पंपवाल्याकडून नवा वायसर बसवून घेतला. किती वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडले. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

मग तिने मला गुलाबपाण्याने भरले. आलेल्या लोकांची मुले रांगेने उभी होती, हसत, एकमेकांना ढकलत. चेहरे वर करून. तशीच, भिंतीच्या सावलीत.

बद्री घरातून चहाचे तबक घेऊन येत होती. तिने ते तसेच जमिनीवर ठेवले.

"नसरीन, खाली ठेव ते."

"अगं आई, नुसतं गुलाबपाणी आहे. मी धुऊन घेतलाय. तीन-चार वेळा धुतला."

बद्री करामतकडे पाहू लागली. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता, आता म्हातारा, पांढऱ्या केसांचा. तो उठला, आत गेला आणि हातोडी आणि मोठा खिळा घेऊन आला. नसरीनच्या पाठीवरून त्याने मला उतरवले, आडवे केले आणि माझ्या बुडावर खिळा टेकवला.

"बाबा, काय करताय? जुनी वस्तू आहे. लोक हिचेच फोटो काढतायत."

"धर," तो बद्रीला म्हणाला. बद्रीने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले.

पहिला घाव निसटला. उस्ताद यदुल्लाचे तांबे होते ते, सहज ऐकणारे नव्हते. दुसऱ्या घावाला खिळा आत गेला. करामतने तो हलवून बाहेर काढला आणि गुलाबपाणी भळभळ वाहू लागले, पायरीवरून, धुळीवरून, पहिल्या गुलाबाच्या बुंध्यापर्यंत. मुले हिरमुसली. नसरीन कमरेवर हात ठेवून उभी होती.

"निदान कारण तरी सांगा," ती म्हणाली.

करामतने खिळा खाली ठेवला. मग म्हणाला, "बस इथे. सांगतो." आणि तो तिला सांगू लागला, बाटलीपासून.

मित्रांनो, मी आता फाटकाशी उभा असतो. लोक माझे फोटो काढतात. गुलाबाच्या शेंड्यांवर मावा आहे, ढालकिडेही परत आले आहेत, आणि बद्री पहाटे वाडगे घेऊन बागेत जाते. तुमच्या घरी झाडांना मावा लागला तर साबण घ्या, बोटे घ्या, थोडा वेळ घ्या. आणि ज्या भांड्यात एकदा विष गेले त्याला नुसते धुतले म्हणून पुन्हा माणसांजवळ आणू नका, मग ते भांडे तुमचे कितीही लाडके असो.

मी गळलो तर मला परत आण, असे उस्ताद म्हणाला होता. त्याचा मुलगा अजून त्या बाजारात बसतो, असे ऐकतो. त्याच्याकडे मला नेऊ नका. माझे भोक बुजवू नका.